पुण्यात बसून खाडीचा चिखल शोधताना: एका मार्गदर्शन वर्गाचे परीक्षण

नळस्टॉपजवळच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, किनारी वनस्पतींच्या पुनरुज्जीवनात पीएच.डी. किंवा परदेशी पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा एक मार्गदर्शन वर्ग चालतो. दर शनिवारी आणि रविवारी तीन-तीन तास शिकवले जाते, शुल्क १६,५०० रुपये आहे आणि त्यात रायगड जिल्ह्यातील दोन दिवसांच्या क्षेत्रभेटीचा खर्च धरलेला असतो. गेल्या हिवाळ्यात मी हा वर्ग पूर्ण केला. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला ही रक्कम किती जड जाते, हे त्या तत्त्वाशी परिचय असलेल्यांना निराळे सांगायला नको. म्हणूनच हे परीक्षण जरा हिशेबाने लिहिले आहे. वर्गाचे नाव मात्र लिहीत नाही, कारण रद्द झालेल्या दोन तासिकांच्या परताव्याविषयीची माझी लेखी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे आणि तिचा निकाल लागण्यापूर्वी नावानिशी लिहिणे मला योग्य वाटत नाही.

आमच्या तुकडीत चौदा जण होते. निम्मे वनस्पतिशास्त्राचे, तिघे पर्यावरणशास्त्राचे, एक जण स्थापत्य अभियंता आणि उरलेले, माझ्या मते, घरच्यांच्या आग्रहाखातर आलेले. शिकवणारे दोघे होते. शास्त्रीय भाग ज्या शिकवत त्यांनी स्वतः कांदळवनांवर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या वनांवर, पीएच.डी. केली आहे आणि त्यांना सगळे मॅडम म्हणत. अर्ज, शिष्यवृत्त्या आणि पत्रव्यवहार हा भाग समन्वयक सरांकडे होता. या दोन भागांच्या दर्जात इतके अंतर आहे की एकाच पावतीवर दोन वेगळ्या दुकानांचा माल घेतल्यासारखे वाटते.

पहिल्या शनिवारी प्रत्येकाला आपल्या संशोधनाचा विषय एका ओळीत लिहायला सांगितले गेले. मी लिहिले, ‘रायगड जिल्ह्यातील कांदळवनांच्या पुनरुज्जीवनाचा अभ्यास’. मॅडमनी ते वाचून सांगितले, “हे पाटीवर लिहायचं नाव झालं. तुम्हाला नेमकं काय माहीत नाही, ते लिहा.” दुसऱ्या आठवड्यातील माझे उत्तरही परत आले आणि तिसऱ्यातीलही. पदवीपासून आजपर्यंत मला काय येते एवढेच विचारले गेले होते. काय माहीत नाही हे नेटकेपणाने लिहिण्याची सवय आपल्याकडे कोणी लावत नाही, आणि शुल्काचा मोठा वाटा माझ्यापुरता तरी त्या तीन नाकारलेल्या ओळींतच वसूल झाला.

दुसऱ्या शनिवारचे व्याख्यान पूर्ण वर्गातील सर्वोत्तम होते. विषय होता, लावलेली रोपे का मरतात. फिलिपीन्समध्ये अनेक दशके मोठा पैसा ओतून कांदळवनांची लागवड झाली, पण दीर्घकाळ जगलेल्या रोपांचे प्रमाण साधारण १० ते २० टक्केच राहिले, असे तेथील संशोधकांनीच २००८ मध्ये मांडले. श्रीलंकेत त्सुनामीनंतर झालेल्या लागवडीची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २३ पैकी ९ ठिकाणी एकही रोप शिल्लक नव्हते. कारणे ऐकताना थोडी शरम वाटावी इतकी ती साधी आहेत. कांदळवनातील झाडांपैकी कांदळ या जातीच्या लांब शेंगा हातात धरून चिखलात खोचायला सोप्या असतात, त्यामुळे जागा कोणतीही असली तरी कांदळच लावला जातो. जमिनीच्या मालकीवरून वाद होऊ नये म्हणून लागवड पार खालच्या, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलपट्टीवर ढकलली जाते, जिथे निसर्गाने आजवर झाड उगवू दिलेले नव्हते. प्रत्येक जातीला भरतीचे पाणी दिवसातून किती वेळ अंगावर घेता येते याची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की खत, कुंपण, फलक आणि उद्घाटनाचा नारळ यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

यावरचा उपाय म्हणून रॉबिन लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाची पद्धत त्यांनी सविस्तर समजावून दिली. आधी त्या जागेवर भरती-ओहोटीचे पाणी कसे फिरत होते आणि कोणत्या बांधाने, भरावाने किंवा रस्त्याने ते अडले हे शोधायचे. मग तो अडथळा दूर करून बी आपोआप वाहत येते का हे पाहायचे. आणि ते येत नसेल तरच रोपवाटिकेकडे वळायचे. आपल्याकडचे उदाहरण तमिळनाडूतील पिचावरमचे दिले गेले. तोडीनंतर खोलगट झालेल्या जमिनीत खारे पाणी साचून राही आणि उन्हाने त्याची क्षारता वाढत जाई. तिथे माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणून पाणी पुन्हा खेळते केल्यावर झाडे जगू लागली. या व्याख्यानात मॅडमनी फळ्यावर एकच आकृती काढली, पण ती मिटवल्यावरही माझ्या वहीत पाच पाने उरली होती.

याउलट खाऱ्या दलदलीतील गवतांच्या लागवडीचा २०१५ मधील एक अमेरिकी-युरोपीय प्रयोग त्यांनी दहा मिनिटांत उरकला, याची हळहळ वाटते. वनीकरणाच्या सवयीने रोपे एकमेकांपासून दूर लावली जातात, कारण ती एकमेकांचे अन्न खातील अशी भीती असते. पण किनाऱ्यावर लाटांचा मारा आणि चिखलातील प्राणवायूचा अभाव हा मोठा शत्रू असल्याने घोळक्याने लावलेली रोपे एकमेकांना सावरतात आणि त्यांची वाढ सरासरीने सुमारे दुप्पट होते, असे त्यात दिसून आले. खर्च तोच आणि रोपेही तेवढीच. कोकणातील लागवडीत हे कोणी तपासून पाहिले आहे का, असे मी विचारले, तेव्हा “तुम्ही तपासा” असे उत्तर मिळाले. उत्तर म्हणून ते चांगले होते, परंतु त्यावर आणखी अर्धा तास मिळाला असता तर बरे झाले असते.

चौथ्या आठवड्यात क्षेत्रभेट झाली आणि तिची सुरुवात पुण्याला शोभेल अशीच झाली. कर्वे पुतळ्यापासून पहाटे साडेचारला निघणारी बस पावणेसातला निघाली, ताम्हिणी उतरल्यावर मिसळीसाठी थांबली आणि म्हसळ्याच्या बाजूला राजपुरी खाडीच्या काठावर पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले. बांधावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका आजोबांनी आमच्याकडे पाहून फक्त एवढे विचारले, “आज तिथी कोणती?” आमच्यापैकी एकालाही सांगता आली नाही. “पंचमी. पाचाची पाऊणपट करा, पावणेचार. तेव्हा भरती पुरी भरंल. तुमाला नवाला यायला पायजे होतं.” तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि आमच्या छापील पुस्तिकेच्या ४० पानांत तो कुठेही नव्हता. जी चिखलपट्टी पाहायला आम्ही आलो होतो, ती गुडघाभर पाण्याखाली होती. तो दिवस काठावरून पाने ओळखण्यात गेला: तिवराच्या पानाची पांढुरकी पाठ, चिप्पीची जाड गोलसर पाने, मारांडीचे काटे. चिप्पीची पांढऱ्या फुलांची जात २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे तिथे उभे राहून ऐकायला बरे वाटले. पण त्यासाठी पहाटे उठण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी षष्ठी होती, ओहोटी सव्वादहाच्या सुमारास होती आणि आम्ही नवालाच चिखलात उभे होतो. त्या चार तासांसाठी मी आयोजकांचे आदल्या दिवसाचे सर्व अपराध माफ करायला तयार आहे. मॅडम आम्हाला एका खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, घेऊन गेल्या, जिथला बांध काही वर्षांपूर्वी उधाणात फुटला होता आणि पुन्हा बांधला गेला नव्हता. पूर्वी तिथे भात पिकत असे. आता खिंडाराजवळ, जिथून पाणी रोज आत-बाहेर करते, तिथे तिवराची कमरेएवढी दाट झाडी होती आणि ती कोणीही लावलेली नव्हती. शंभर पावले आत गेल्यावर झाडे विरळ झाली. त्याहून पुढे, जुन्या उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, मागे पाणी साचून राहणाऱ्या भागात, मिठाची पांढरी साय धरलेली उघडी जमीन होती आणि तिथे काहीच नव्हते. दुसऱ्या शनिवारी फळ्यावर पाहिलेली आकृती इथे पायाखाली पसरलेली होती. माझी चौथी ओळ मी तिथेच, वहीवर चिखलाचे बोट उमटवत लिहिली: बांध फुटल्यावर भरतीचे पाणी जिथे जितक्या वेळा पोहोचते, त्यानुसार कोणती जात किती वर्षांत आपोआप रुजते, आणि ती जिथे रुजत नाही तिथे रोपे लावावीत की चर खणावा. ही ओळ परत आली नाही.

त्या शेताचे मालकही भेटायला आले होते. सातबाऱ्यावर नाव त्यांचे, पण जमिनीत कांदळवन उभे राहिल्यामुळे ते तोडून पुन्हा भात लावणे कायद्याने अशक्य. बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही यात त्यांचा दोष नाही आणि झाडे उगवली यातही नाही. मॅडमनी त्यांना मध्येच न तोडता तासभर बोलू दिले. आपण ज्याला पुनरुज्जीवन म्हणतो ते एखाद्या घरासाठी जमीन हातची जाणे असू शकते, आणि ही गोष्ट प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात नव्हे, तर जागा निवडतानाच विचारात घ्यावी लागते, असे त्यांनी परतताना बसमध्ये सांगितले. नमुने मात्र कोणालाही गोळा करू दिले नाहीत, कारण कांदळवनातील कामासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि ती मिळवायला वेळ लागतो. अर्ज करताना संशोधनाच्या वेळापत्रकात हा वेळ धरा, हा त्यांचा सल्ला सरांच्या संपूर्ण पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी आहे. दिवेआगरच्या वाळूवरची मर्यादवेल, रावणमिशा आणि २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आडवी झालेली सुरूची झाडे हा भाग अंधार पडत असताना पंधरा मिनिटांत आटोपला. वालुकाटेकड्यांच्या वनस्पतींवर काम करू इच्छिणाऱ्यांनी हा वर्ग आपल्यासाठी नाही असेच समजावे.

आता अर्जांच्या भागाविषयी. भारतातील संधींची माहिती जुनी होती. पुस्तिकेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३१,००० रुपये छापलेली होती. ती जानेवारी २०२३ पासून ३७,००० आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये झाली आहे, घरभाडे भत्ता वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, हे तर सरांना आमच्यातील एका मुलानेच सांगितले. संस्थांची यादी मात्र ठीक होती: गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अण्णामलै विद्यापीठाचे परंगिपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्र, चेन्नईचे शाश्वत किनारा व्यवस्थापनाचे राष्ट्रीय केंद्र, आणि खाऱ्या जमिनीतील वनस्पतींवर काम करणारी भावनगरची मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था. महाराष्ट्र वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो, त्याचा उल्लेख एका ओळीत संपला.

सर्वांत खटकले ते पुण्याचे नाव न घेणे. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्था तर नळस्टॉपपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोन्हीकडे वाळवून जपलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. एखादी खाडी पूर्ववत करायची म्हणजे पूर्वी तिथे काय होते ते कळायला हवे, आणि संग्रहातील जुन्या कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, गावाचे नाव आणि तारीख यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात किनारी वनस्पतींचा अभ्यास सुरू करण्यासाठी जे साधन हाताशी आहे, तेच वर्गाने दाखवले नाही.

परदेशी संधींचा भाग अधिक चकचकीत होता आणि अधिक पोकळ. सरांच्या तक्त्यात ४० विद्यापीठे क्रमवारीनुसार लावलेली होती, आणि या विषयात क्रमवारी पाहून काहीच कळत नाही. व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांचे उदाहरण घ्या. तिथले ईलग्रास हे समुद्री गवत रोग आणि १९३३ चे चक्रीवादळ यांमुळे नाहीसे झाले होते. १९९९ पासून संशोधक आणि स्वयंसेवकांनी ७ कोटींहून अधिक बिया पेरल्या आणि दोन दशकांत ते सुमारे ३,६०० हेक्टरांवर पसरले. हे ठाऊक असण्याचे कारण एवढेच की कोणीतरी वीस वर्षे न थकता मोजत राहिले. विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या नावाआधी असा जुना, मोजलेला प्लॉट शोधावा, कारण तीन-चार वर्षांच्या प्रबंधात झाड वाढत नाही, पण दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लावलेले झाड आपल्याला मोजता येते. हे मला मॅडमनी चहाच्या वेळी सांगितले. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

देशोदेशीच्या पद्धतींतील फरकही गुंडाळला गेला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी प्राध्यापकाची अनुमती मिळवावी लागते आणि मग अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या कामातून शुल्क व निर्वाह भागतो. नेदरलँड्ससारख्या देशात पीएच.डी. ही पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. गेन्ट विद्यापीठाच्या समन्वयाने चालणाऱ्या सागरी जैवसंसाधनांच्या इरास्मस मुंडुस (युरोपीय संघाच्या शिष्यवृत्ती योजनेतील) अभ्यासक्रमासारखे पर्याय पदव्युत्तर पदवीचे आहेत, पीएच.डी.चे नव्हेत. या तिन्ही दारांवर एकच किल्ली चालवण्याचा सरांचा प्रयत्न होता. त्यांनी सर्वांना प्राध्यापकांना पाठवायच्या पत्राचा एकच नमुना दिला आणि चौदापैकी अनेकांनी तो तसाच्या तसा पाठवला. आठवड्याभरात आमच्यातील एकीला ऑस्ट्रेलियातून सभ्य उत्तर आले की हा मजकूर आपल्याला तिसऱ्यांदा येत आहे आणि पहिल्या दोघांनी निदान आपले नाव बरोबर लिहिले होते. मी माझे पत्र नमुना बाजूला ठेवून लिहिले: खाजणातील तीन पट्टे, चौथी ओळ आणि त्या प्राध्यापकांच्या कामातील ज्या एका आलेखाविषयी मला शंका होती ती. दोन ठिकाणांहून उत्तर आले आणि एका ठिकाणी ऑनलाइन भेटही झाली. प्रवेश अजून निश्चित नाही, त्यामुळे त्याचे श्रेय किंवा दोष कोणाला द्यायचा हा प्रश्न तूर्त उद्भवत नाही.

रद्द झालेल्या दोन्ही तासिका सरांच्याच होत्या. त्यांच्या परताव्यापोटी आणखी एका तुकडीत बसण्याची सवलत देऊ केली गेली. ती मी नाकारली आहे.

ज्यांनी आपला प्रश्न आधीच नेमका केला आहे आणि ज्यांना केवळ शिष्यवृत्त्यांची यादी हवी आहे, त्यांनी १६,५०० रुपये वाचवावेत. संस्थांच्या संकेतस्थळांवर चार संध्याकाळी घालवल्या तर याहून ताजी माहिती मिळते. ज्यांचा विषय अजून पाटीवरच्या नावाएवढाच आहे, त्यांनी मात्र जरूर जावे. शक्य असल्यास मॅडमचे तास आणि क्षेत्रभेट एवढ्यापुरताच प्रवेश मागावा. आमच्या वेळी तशी सोय नव्हती, पण मागणी वाढली तर होईल असे त्यांनीच सांगितले आहे. क्षेत्रभेटीला निघण्यापूर्वी पंचांग पाहावे आणि आपली निघण्याची वेळ आयोजकांना लेखी कळवावी. पादत्राणे स्वतःची न्यावीत: संस्थेकडे गमबूट सातच जोड आहेत आणि ते चिखलात रुतून पायातून निघतात, तर अनवाणी चालायचे तर तिवराची चिखलातून वर आलेली टोकदार श्वसन-मुळे आणि कालवांच्या कडा तळवा फाडतात. घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट न्यावेत, परत आणण्याची अपेक्षा न ठेवता.